नऊ मिनिटं की साडेचार?

काही माणसं प्लास्टिकचे डबे साठवतात, काही जुन्या पिशव्या. माझ्याकडे क्वायरचे किस्से साठले. मुद्दाम साठवले नाहीत हो, साठत गेले! चोवीस माणसं दर शनिवारी संध्याकाळी अंबरनाथ पूर्वेच्या एका शाळेच्या हॉलमध्ये कोंडायची आणि त्यांना सांगायचं, सगळ्यांनी एका वेगात गा. दुसरं काय होणार? सूर जमतो. शब्द पाठ होतात, अगदी लॅटिनसुद्धा. वेग काही जमत नाही. आमच्याकडे वेगावरून जेवढी भांडणं झाली, तेवढी आमच्या सोसायटीत पाण्यावरूनही झाली नाहीत.

आता क्वायर म्हणजे काय, तर चार आवाजांत गाणारा गट. बायकांत वरचा आवाज सोप्रानो, खालचा आल्टो. पुरुषांत वरचा टेनर, खालचा बास. मी आल्टो. उल्हासनगरच्या टेलिफोन ऑफिसात मी पहिल्यांदा आनंदाने सांगितलं, "मला आल्टोत बसवलं!" तर शेजारच्या टेबलावरच्या बाई घाबरून म्हणाल्या, "कोणी हो? आणि कुठे नेलं?"

त्यांना गाडी सोडून दुसरा खुलासा पटेना. शेवटी मी गाणं म्हणते एवढं कळल्यावर त्यांचा पुढचा प्रश्न आला, "पण तुम्ही बौद्ध ना? मग चर्चच्या गाण्यात कशा?" म्हटलं, "चर्चच्या गाण्यात नाही हो, आल्टोत!" त्या पुन्हा गोंधळल्या.

आम्ही गायचो ते संगीत बरोक काळातलं. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी युरोपात चर्चमध्ये गायचे ते. चार आवाज एकमेकांच्या मागे धावतात, एक वाक्य टाकतो, दुसरा उचलतो, तिसरा मधेच घुसतो. एकत्र कुटुंबातल्या जेवणासारखं. त्या काळच्या मंडळींनी कागदावर सूर लिहिले, शब्द लिहिले, पण गायचं किती वेगात ते नीट लिहून ठेवलं नाही. गाणाऱ्यांना माहीतच आहे, असं त्यांना वाटलं असणार. त्यांच्या त्या आळसाची फळं अंबरनाथकरांनी भोगली.

*

क्वायर रणपिसे सरांचा. सर मूळचे नगरकडचे ख्रिश्चन. एका रंगाच्या फॅक्टरीत टाइमकीपर म्हणून आयुष्य काढलं आणि टाइमकीपर म्हणूनच रिटायर झाले. फॅक्टरी सुटली तरी हजेरीचं रजिस्टर आणि लाल पेन सुटलं नाही. सोप्रानोंनी एखादी ओळ उशिरा उचलली की हात थांबायचा, रजिस्टर उघडायचं, "सोप्रानो, दुसरं पान, लेटमार्क!" तीन लेटमार्क झाले की अर्ध्या दिवसाची रजा! म्हणजे अर्धा तास तोंड मिटून बसायचं.

एकदा टेनर दोन मात्रा आधीच घुसले. सरांनी रजिस्टर उघडलं, पेन उचललं आणि तसेच थांबले. पान उलटून पाहिलं. मग चष्मा काढला.

"लवकर येणाऱ्याचं काय करायचं, हा प्रसंग फॅक्टरीत कधी आलाच नाही," म्हणाले आणि रजिस्टर मिटलं.

सरांचा स्वतःचा वेग मात्र गोगलगायीला लाजवणारा. आमचं एक मोठं कोरस होतं, तेच आमचं मुख्य गाणं. सर ते नऊ मिनिटांत घ्यायचे. नऊ! बासवाल्यांचा श्वास एका ओळीत तीनदा संपायचा. कोणी कुरकुर केली की सर म्हणायचे, "देवाचं गाणं आहे. देवाला कार्ड पंच करायचं नाहीये."

हसायचो आम्ही त्यांना, पण एक खरं सांगते. सात माणसांचा क्वायर त्यांनी चोवीसवर नेला होता. त्या सातांत पहिली सोप्रानो त्यांची बायको, एस्तरबाई. त्या गेल्यावर सरांच्या आठवड्यात शनिवार हा एकच वार उरला होता. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. म्हणून हसायचो ते पाठीमागे.

*

टेनरमध्ये शेळके होते. साताऱ्याकडचे, विठ्ठलवाडी डेपोत एसटीचे ड्रायव्हर. गळा असा, की हॉर्नची गरज नाही. सरांनी हौसेने सगळ्यांच्या झेरॉक्सवर इटालियन सूचनांचं मराठी करून दिलं होतं. आंदांते, म्हणजे चालत्या वेगाने. शेळक्यांनी ते वाचून हात वर केला, "सर, कोनाच्या चालीनं? माजी मिशेस चालती का मी चालतो?"

पुढे त्यांनी सरांच्या सूचना खोडून स्वतःच्या लिहिल्या. एकदा मी माझा कागद घरी विसरले, म्हणून त्यांचा घेतला. पहिल्या ओळीवर लिहिलेलं, "गिअर दोन." पुढे, "घाट सुरू." जिथे सगळ्यांनी हळू व्हायचं तिथे, "गतिरोधक." जिथे दोन मात्रा थांबायचं तिथे, "पॅसेंजर घेणे."

तिसऱ्या पानावर सोप्रानो एकदम वरच्या पट्टीत किंचाळत घुसतात. तिथे लाल अक्षरांत लिहिलं होतं, "पुढे शाळा आहे. वाहने सावकाश हाका."

मला त्या दिवशी एकही ओळ गाता आली नाही. सरांनी विचारलं काय झालं, तर मी कागद पुढे केला. सरांनी तो शांतपणे वाचला, खिशातून लाल पेन काढलं आणि "हाका"च्या पुढे पूर्णविराम दिला.

*

आता वेग नऊ मिनिटं कशावरून? तर कॅसेटवरून! सरांकडे त्या कोरसची एक कॅसेट होती, कोणी परदेशातून आणलेल्या रेकॉर्डवरून उतरवलेली. तीच आमची पोथी. हॉलमधला प्लग नुसता शोभेला होता, त्यामुळे टेपरेकॉर्डर सेलवर चालायचा. सर आधी कॅसेट ऐकवायचे, तिच्यावरून पहिला सूर घ्यायचे आणि मग, "याच वेगात. इकडचं तिकडे नाही."

सोप्रानोमध्ये उल्हासनगरच्या मिसेस वाधवानी होत्या. सगळे त्यांना भाभी म्हणायचे. मनाने दिलदार, नवऱ्याचं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान. त्यांना वाटलं, सर रिटायर माणूस, किती दिवस तेच सेल वापरणार? एका शनिवारी त्यांनी गुपचूप नवे सेल आणून टेपरेकॉर्डरमध्ये घातले.

सरांनी बटण दाबलं. कॅसेट अशी सुटली, की आम्ही दचकलोच! सूर वर, वेग वर, बास टेनरसारखे आणि टेनर शाळेतल्या पोरींसारखे. सोप्रानो तर ऐकवेनात. कोणाला काही कळेना. सर खाली वाकले, झाकण उघडलं, आत चमकणारे नवे सेल पाहिले. आम्हाला सगळ्यांना एकदमच उमगलं, की इतकी वर्षं आपण ज्याला सरांची भक्ती समजत होतो, ती सेल उतरल्याची लक्षणं होती!

भाभी चाचरत म्हणाल्या, "सर, नये सेल डाले मैंने. आपके लिए."

सरांनी सेल एकेक करून बाहेर काढले, रुमालात बांधले आणि भाभींच्या हातात दिले.

"हे सेल फास्ट आहेत. दुकानात परत करा."

आणि खरंच जुने सेल परत घातले हो! आम्ही पुन्हा नऊ मिनिटांवर.

*

अशात बदलापूरहून डेन्झिल आला. सव्वीस वर्षांचा, गोरागोमटा, कॉल सेंटरला नोकरी. पियानो खरंच सुरेख वाजवायचा. कुठलंसं तीन आठवड्यांचं शिबिर करून आला होता आणि तिथून एकच गोष्ट शिकून आला होता. बरोक म्हणजे नाच! "सर, ये सब डान्स म्युझिक है! हलकं पाहिजे, जलदी पाहिजे!" आमचं नऊ मिनिटांचं कोरस तो साडेचार मिनिटांत उरकायचा. कॉल सेंटरात प्रत्येक फोन किती सेकंदांत संपवला त्यावर मार्क मिळतात, तीच सवय त्याने देवालाही लावली.

सरांना तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं होतं, म्हणून दोन महिने तालीम डेन्झिलकडे गेली. दोन महिन्यांनी सर परत आले, तर डेन्झिल जायला तयार नाही. अर्धा क्वायर म्हणे, नवा वेग बरा, घरी लवकर जाता येतं. सर दर शनिवारी रजिस्टर घेऊन यायचे आणि कोपऱ्यात बसायचे. मला ते बघवायचं नाही. आपण उभं केलेलं घर आपल्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या नावावर होताना बघायचं, आणि तेही नुकत्याच ऑपरेशन केलेल्या डोळ्यांनी!

तर डेन्झिलच्या त्या दोन महिन्यांतली गोष्ट. त्याचं मराठी बेताचं. पण सरांकडून एक शब्द पक्का शिकला होता, लय. लय म्हणजे टेम्पो, गाण्याचा वेग. पहिल्याच तालमीला त्याने कोरस घेतलं, संपल्यावर विचारलं, "कसं वाटलं?"

शेळके उत्साहाने ओरडले, "लय भारी!"

डेन्झिलचा चेहरा पडला. लय भारी? म्हणजे टेम्पो हेवी? "ओके, ओके. और लाइट करते हैं." पुन्हा घेतलं, आणखी जलद. संपल्यावर शेळके, "लय भारी, सर!"

तिसऱ्यांदा, त्याहून जलद. शेळके खूश, "आता तर लयच भारी!"

चौथ्या वेळी भाभी खुर्चीवर बसल्या. पाचव्या वेळी बासचे दोघे पाणी प्यायला गेले ते आलेच नाहीत. कोरस तीन मिनिटांच्या आत आलं होतं. डेन्झिल घामाने निथळत होता. शेळक्यांनी पुढे होऊन त्याच्या पाठीवर थाप मारली, "पोरा, आज खरं सांगतो, लय म्हंजी लय म्हंजी लयच भारी!"

डेन्झिल रडवेला होऊन माझ्याकडे वळला, "आंटी, इससे फास्ट कैसे करूँ?"

मी त्याला अर्थ सांगितला खरा, पण आणखी एक फेरी होऊ दिल्यावर. उगाच कशाला खोटं बोलू?

*

सर परतल्यावर दोघांमधला तंटा मिटवायला डेन्झिलने मेट्रोनोम आणला. टिकटिक करून वेग दाखवणारं यंत्र. उलटा लंबक, त्यावर एक वजन. वजन खाली सरकवलं की टिकटिक जलद, वर सरकवलं की हळू. तो म्हणाला, "मशीन झूठ नहीं बोलती." सर म्हणाले, "मशीन फॅक्टरीतही होती. तिला चावी देणारा माणूसच होता." पहिल्याच दिवशी ओढाताणीत ते पडलं आणि बंद झालं. कोणाच्या हातून पडलं, यावर दोघांची दोन मतं होती.

भाभी म्हणाल्या, मेरे देवर की घड़ियों की दुकान है, उल्हासनगरच्या कॅम्पात. तो करून देईल. आठवड्याने मेट्रोनोम चकचकीत होऊन आला, पॉलिश बिलिश करून. सोबत स्वतः दीरही आले, शाबासकी घ्यायला.

"साईं, इसमें बड़ा फॉल्ट था," ते म्हणाले. "ये वजन हिलाओ तो टाइम बदल जाता था! कभी फास्ट, कभी स्लो. ऐसे में कौन भरोसा करेगा? मैंने वजन पक्का झाल दिया. अब देखो, सेकंड टू सेकंड. घड़ी से मिला लो!"

त्यांनी ते वजन साठच्या खुणेवर डाग देऊन कायमचं चिकटवलं होतं! मिनिटाला साठ ठोके, ना एक कमी, ना एक जास्त. डेन्झिलने डोक्याला हात लावला. सरांनी मात्र मनगटावरचं घड्याळ काढलं, मेट्रोनोमशेजारी धरलं आणि पूर्ण दोन मिनिटं ऐकत उभे राहिले. टाइमकीपरच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

"याला म्हणतात कारागीर," सर म्हणाले.

*

या वेगांचा त्रास नुसता आम्हालाच नव्हता. वांगणीच्या एका ओळखीच्या कुटुंबातल्या मुलीचं लग्न होतं. गाणं सरांच्या वेगात. चर्चमध्ये नवरी येते ती गाण्याच्या तालावर पावलं टाकत. बिचारी आज्ञाधारक! सरांच्या तालावर एक पाऊल टाकायची आणि पुढच्या ठोक्याची वाट बघत एका पायावर उभी राहायची. अर्धं चर्च ओलांडायला सात मिनिटं लागली. नवरदेवाने दोनदा घाम पुसला. त्याची आई आमच्याच शेजारी उभी होती. तिने मला कोपर मारून हळूच विचारलं, "मुलगी मनाविरुद्ध चाललीय का हो?"

आणि डेन्झिलच्या वेगात आम्ही एका अंत्यविधीला गायलो. शवपेटी खांद्यावर घेतलेले चौघे आधी चालत होते, मग झपझप चालायला लागले आणि दरवाज्याशी तर चक्क धावले. म्हाताऱ्याची मुलगी डोळे पुसत म्हणाली, "पपा आयुष्यात एवढ्या घाईने कुठेच गेले नव्हते."

*

शेवटी डेन्झिलने हुकमी पान काढलं. मुंबईहून आपल्या शिबिरातल्या एका तज्ज्ञ बाईंना बोलावलं. बाई परदेशात शिकलेल्या, खादीचा कुर्ता, पायात कोल्हापुरी. बेत असा, की बाईंनी सरांचं नऊ मिनिटांचं ऐकायचं, नाक मुरडायचं आणि निकाल द्यायचा.

आम्ही गायलो. त्याच कॅसेटवरून सूर घेऊन, त्याच उतरलेल्या सेलवर. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. चौथ्या मिनिटाला त्यांनी डोळे उघडले. सातव्या मिनिटाला पुढे सरकल्या. संपल्यावर उभ्याच राहिल्या.

"तुम्ही अर्धा स्वर खाली गाताय!" त्या म्हणाल्या. "आजच्या पट्टीत नाही. तीनशे वर्षांपूर्वी पट्टी अशीच खाली होती! आपल्याकडे हे कोणी करत नाही. मुंबईत नाही! हे संशोधन कोणाचं?"

चोवीस माणसांनी एकाच वेळी जमिनीकडे पाहिलं. वेगाचं काय, असं डेन्झिल दोनदा बोलायला गेला, पण बाईंनी हात करून त्याला गप्प बसवलं.

सर सावकाश वळले. "बरीच वर्षं झाली," म्हणाले. "चिकाटी लागते."

मागून शेळके पुटपुटले, "आन् सेल बदलायचे न्हाईत."

*

यानंतर डेन्झिल हटेना, सर हटेनात. आता मधे पडले अध्यक्ष. आमच्या वार्षिक कार्यक्रमाला हॉल, मांडव, माइक देणाऱ्या सांस्कृतिक समितीचे हे अध्यक्ष. धंदा बदलापुरात इमारती बांधण्याचा आणि छंद सत्कार करण्याचा. माइक हातात आला, की समोर दिसेल त्याला शाल आणि नारळ! एकदा त्यांनी चहा आणणाऱ्या केटररचा सत्कार केला होता आणि चहा गार झाला होता. संगीतातलं त्यांना काही कळत नव्हतं, आणि हे त्यांनाही कळत नव्हतं.

अध्यक्ष म्हणाले, "एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. डिसेंबरच्या कार्यक्रमात दोघांनी तेच गाणं घ्या. आपापल्या वेगात. पब्लिकला आवडेल त्याला शाल आणि नारळ, आणि जानेवारीपासून क्वायर त्याचा."

म्हणजे काय, तर एकाच संध्याकाळी तेच कोरस दोनदा, आणि हरणाऱ्याने घरी बसायचं! सर त्या शनिवारी रजिस्टर आणायला विसरले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आम्ही सगळे वेळेवर आलो होतो, आणि ते लिहायला रजिस्टरच नव्हतं. राग डेन्झिलचाही पूर्ण येईना. रात्रपाळी करून, न झोपता तालमीला येणारा पोरगा तो. पण क्वायर माझा, एवढं म्हणायला दोघांनाही कोणीतरी शिकवलं होतं. आणि क्वायर कोणाचा, हे चोवीस जणांपैकी एकालाही कोणी विचारलं नव्हतं. आल्टोंना तर नाहीच नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी बदलापूरचा हॉल भरला होता. टॉस झाला, पहिला डेन्झिल. चार मिनिटं दहा सेकंद! एका ठिकाणी टेनर अख्खी ओळ आधी पोचले आणि बाकीच्यांची वाट बघत उभे राहिले. टाळ्या बऱ्या पडल्या. अध्यक्षांनी माइक घेतला, "आता हेच गाणं आपण सविस्तर ऐकूया. रणपिसे सर!"

सर पुढे आले. हात वर केला. आणि लाइट गेली.

नुसता अंधार! लोडशेडिंगचं वेळापत्रक तासाभराने पुढे होतं, पण वेळापत्रक पाळायला ते काही रणपिसे सर नव्हते. डेन्झिल "जनरेटर देखता हूँ" म्हणत धावत बाहेर गेला. सरांना अंधारात मुळीच दिसायचं नाही. स्टेजवरून पडू नयेत म्हणून शेळक्यांनी त्यांना दंडाला धरून खाली उतरवलं, पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसवलं आणि चाचपडत परत आपल्या जागी आले. पब्लिक चुळबुळत होतं. आम्ही तसेच उभे.

मग कोणीतरी श्वास घेतला. कोणी, ते अजून कळलेलं नाही. पण गाण्याआधी घेतात तो श्वास होता, आणि चोवीसजणांनी तो ऐकला. आम्ही सुरू झालो.

समोर कोणी नाही, हातात कागद असून दिसत नाही, टिकटिक नाही, कॅसेट नाही. सोप्रानो संपून आल्टो सुरू होतात तिथे भाभी आणि मी शेजारी उभ्या होतो. त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. बास खालून आले तेव्हा पायांखालची फळी थरथरली. कोणी धावलं नाही, कोणी मागे राहिलं नाही. मी त्या क्वायरमध्ये नऊ वर्षं गायले, पण गाताना मला रडू आलं ते तेवढ्याच वेळी. किती मिनिटं लागली माहीत नाही. अंधारात सरांना घड्याळही दिसत नव्हतं.

शेवटच्या ओळीला बाहेर जनरेटर धडधडला, आणि शेवटच्या सुरावर लाइट आली.

हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. सर खुर्चीतून उठले होते, त्यांचे डोळे ओले होते. स्टेजच्या बाजूच्या दारात डेन्झिल उभा, हात कोपरापर्यंत ऑइलने काळे. सर तरातरा त्याच्याकडे गेले आणि त्याचे ते काळे हात हातात घेतले.

"बाळा, चुकलो मी. आज घेतलीस खरी लय!"

डेन्झिल बघतच राहिला. "सर, मी? मी तर बाहेर होतो! खिडकीतून ऐकलं. मला वाटलं, तुम्ही घेता. मी बोललो, सर इज राइट, हाच टेम्पो पाहिजे!"

"मी तर या खुर्चीत बसलो होतो."

दोघांनी वळून आमच्याकडे पाहिलं. आम्ही चोवीसजण स्टेजवर, टकामका.

सरांनी आपले हात सोडवून घेतले. रुमालाने पुसले. "तरीच!" ते म्हणाले. "तिसऱ्या पानावर पळाले."

"एक्झॅक्टली, सर!" डेन्झिल म्हणाला. "म्हणजे, नाही. तिसरं पान ओढलं. मी बाहेरून पण नोटीस केलं."

तोवर अध्यक्ष शाल आणि नारळ घेऊन स्टेजवर चढले होते. त्यांनी एकदा सरांकडे पाहिलं, एकदा डेन्झिलकडे, एकदा आमच्याकडे. पब्लिक अजून टाळ्या वाजवत होतं.

"मग शाल द्यायची कोणाला?" त्यांनी विचारलं.

मागच्या रांगेतून शेळके ओरडले, "ज्यानं लाइट घालवली, त्या वायरमनला द्या!"

अध्यक्षांनी माइक तोंडाशी धरला. "अवश्य, अवश्य! त्यांचं नाव सांगा."